आठवी पायरी

डेन्मार्कमधल्या ऑरहूस शहरात डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मोतीबिंदू काढायला आलेली एक आजी बसली होती, आणि तिच्यासोबत वही उघडून तिची कॉलेजातली नात.

“आजी, आमच्या पुस्तकात माणसाच्या मनाच्या वाढीच्या आठ पायऱ्या आहेत. पाचवीवर माणूस स्वतःला शोधतो. पंधराव्या वर्षी तू काय शोधत होतीस?”

“कोरडे मोजे. हेरिंग माशांच्या कारखान्यात पाय दिवसभर ओले असायचे.”

“हे मी प्राध्यापकांना कसं लिहून देऊ?”

“मोजे लोकरीचे होते असं लिही. पुढचं विचार, सिसेल.”

“आता तू आठवीवर आहेस. म्हणजे शेवटच्या. इथे माणूस मागे वळून बघतो. काही राहून गेलं असं वाटतं तुला?”

“बाग राहिली. सगळा जन्म चौथ्या मजल्यावर गेला. म्हणून सोमवारी जाऊन गावाबाहेरच्या भाड्याच्या बागांच्या यादीत नाव घालून आले. बत्तिसावा नंबर आहे.”

“आजी, त्या यादीत दहा-दहा वर्षं नंबर लागत नाही. तू एकोणऐंशीची आहेस.”

“माहीत आहे गं. म्हणून तर डोळे आत्ताच करून घेतेय. बियांच्या पाकिटावर फार बारीक लिहिलेलं असतं.”