फिझाच्या पेशी

हॅलो?… हां ताई, बोल. नाही गं, घरी अल रीमला कुठली, अजून लॅबमध्येच. कॉरिडॉरमध्ये येऊन उभी राहिलेय. आत पार्टी चाललीय… कोणाची म्हणजे? फिझाची! अगं ती रत्नागिरीची, माझ्या शेजारच्या टेबलावरची… हो, तीच.

प्रयोग यशस्वी झाला ना तिचा… अगं, रक्तातल्या पेशींवर शेंगदाण्याचं प्रोटीन टाकायचं. ज्याला अ‍ॅलर्जी, त्याच्या पेशी चवताळतात. तिच्या चवताळल्या. माझ्या ढिम्म! काम तेच, मशीन तेच… हो, हो, जळतेय मी! काय करू मग? कॉन्फरन्सला ती जाणार. बॉस सकाळपासून ‘माशाल्ला, माशाल्ला’ करत तिच्याभोवती… खरं सांगू? एकदा तरी तिचं बिघडावं असं वाटतं… बरं बाई, नाही बोलत.

पण तोरा बघ ना! मी आल्यापासून तिने माझ्या डब्याला हात लावलेला नाही. भरली वांगी नको, साबुदाण्याची खिचडी नको. आज सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायचा होता, मी खमंग काकडी आणली. तर विचारते, “दाणे नाहीत ना यात?” म्हटलं, नाहीत गं बाई, काकडी आहे नुसती… कूट? कूट घातलंय की, आईसारखं, चांगलं मूठभर. पण कूट म्हणजे काय दाणे का? मिठासारखं ते, कोण लक्षात ठेवतं…

काय?… माझ्या का नाही चवताळल्या? अगं, माझे डोनर वेगळे. तिच्याकडे एक आहे, त्याच्याच पेशी एवढ्या भडकतात… कोण ते कसं कळणार? नाव नसतं, नुसता नंबर. लॅबमधलंच असेल कोणीतरी, आम्हीही देतो रक्त कधीमधी. फिझाच्या तर सारखा कोपराशी कापूस चिकटवलेला…

…

ताई.

नाही, ऐकतेय… थांब जरा. भरली वांगी. खिचडी. अगं, सगळ्यात कूट होतं…

काचेतून दिसतेय ती मला. बशीत काकडी घेतलीय. माझीच. माझ्याकडे बघून हसतेय गं…

फिझा! ए फिझा, नको!… ऐकू नाही जात तिला, आत गाणी लावलीयत… काच वाजवतेय मी, ताई, ती हात हलवतेय नुसती… फिझा, चमचा ठेव खाली! कूट आहे त्यात, दाण्याचं कूट! मी खोटं… ताई, ठेव! ठेव फोन!