ताडाच्या खड्ड्यातला बांबू

तिथं नका बसू, बाबू — स्तूपाच्या विटा आहेत त्या. इकडं या, भिक्षूंच्या खोल्यांच्या जोत्यावर बसा, इथं चालतं. काय म्हणालात? स्तूपावर साडी कुणी वाळत घातली? ते सांगतो, आधी तुमची ती दुर्बीण द्या बघू जरा. हां, ती निळी होडी — चोडय्याची. बघा, कसा गरगर फिरतोय खुळ्यासारखा! फीर म्हणावं. सापडायची नाही. काय म्हणजे? जागा हो, मासळीची! पाण्यावर खूण करता येते का? येत नाही. म्हणून खुणा जमिनीवरच्या. या स्तूपावर एक ताड होता, एकटाच. समुद्रातून बघताना तो बरोबर खालच्या दीपस्तंभाच्या डोक्यावर आला, की त्याच रेषेत जायचं — खाली खडक, आणि खडकात सुरमई. ही खूण माझ्या मामाची. मामाला एकच मुलगी, नूकालू. आमच्यात मामाची मुलगी म्हणजे पाळण्यातच ठरलेली, माझीच की ती! पण मी होडीत बसलो की ओकतो — हसा, हसा, सगळी वाडी हसते — कोळ्याचा पोरगा, आणि चार वल्ही मारली की आतडी बाहेर. मामा म्हणाला, मला जावई पाहिजे, ओकणारा पाहुणा नको. मुलगी दिली चोडय्याला, आणि खूणही त्यालाच! मी आलो इथं टेकडीवर, या स्तूपाच्या राखणीला. इथून सगळं दिसतं हो. तो होडी भरून यायचा ते दिसायचं, ती कंबरभर पाण्यात त्याला सामोरी जायची ते दिसायचं — रोज, रोज.

ताड? ताड... तोडला. मुळं विटांत शिरत होती ना. आमच्या खात्याच्या साहेबांनीच सांगितलं — म्हणजे साहेब म्हणाले होते, राहू दे, पण राखण कुणाची, माझी की साहेबांची? जाऊ द्या. त्या दिवशी चोडय्या रिकामा आला. दुसऱ्या दिवशीही. आणि गंमत बघा, लगेच नूकालू वर यायला लागली! 'बावा, खाली वाळू बसते साडीवर, इथं घालू का वाळत?' बावा म्हणजे आतेभाऊ, आमच्यात ठरलेल्या नवऱ्यालाही तेच म्हणतात — लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बावा म्हणाली हो मला! नियमात बसत नाही, पण मी दोरी बांधली. तर म्हणते, इथं नको, स्तूपावर, तिथं वारं बरं. मग मीच बांबू आणला, ताडाच्या खड्ड्यात रोवला. 'आणखी उंच, बावा' — आणि हसली. येताना गाडग्यात अंबील आणते माझ्यासाठी. नवरा घरी असला की येत नाही — कशी येईल बिचारी? तो समुद्रावर गेला की हजर. साडी रोज तीच, लाल, कधी कधी तर वाळलेलीच असते — मी काही बोलतो का? कळतं माणसाला. आता तुम्हीच सांगा, एवढा डोंगर बाई कुणासाठी चढते? बाजारात म्हणतात चोडय्याला पुन्हा मासळी लागते. म्हणोत. ती वर असताना मी होडीकडं बघतसुद्धा नाही. आज ती उशिरा आली, आत्ताच साडी टाकलीय, म्हणून होडीकडं लक्ष गेलं, नाहीतर — ती काय, त्या उतारावर बसलीय, समुद्राकडं तोंड करून. लाजते.

द्या बघू पुन्हा दुर्बीण. — थांबला. का थांबला हा? जाळं सोडतोय. तिथंच! बरोबर तिथंच, मामाच्या जागेवर... पण ताड तर मी — थांबा. तिथून दीपस्तंभ. दीपस्तंभाच्या वर टेकडी. टेकडीवर...

हात हलवतेय ती. बघा, उभी राहून हलवतेय. नाही. इकडं नाही.

घ्या तुमची दुर्बीण. उठा. बंद झालं. — अजून दुपार व्हायचीय ते मलाही दिसतं, बंद म्हणजे बंद! आणि अहो, बांबूला हात नका लावू! राहू दे तसाच. साडी उतरवली, तर उद्या ती येणार नाही. जा तुम्ही.