कुंदाताई का पडल्या?

अण्णा, मेघना, आणि आज कामाचा दिवस असून इथे आलेल्या सगळ्यांनो,

बर्मिंगहॅमहून आलेली मंडळीही मला मागे दिसतायत. या हॉलमध्ये मी पुष्कळ वेळा बोललो आहे. माईक घ्या असं मला कधी सांगावं लागलं नाही, उलट माईक सोडा असंच सांगावं लागायचं. आज मात्र मेघनाला दोनदा म्हणावं लागलं, "काका, तुम्ही बोला ना." कुंदाताई गेल्या, हे वाक्य मी घरी आरशासमोर म्हणून पाहिलं. जमलं नाही. इथेही नीट जमेल असं नाही. सांभाळून घ्या.

मला न ओळखणाऱ्यांसाठी सांगतो. मी काही डॉक्टर नाही. स्लाऊच्या कारखान्यात मशीनवर आयुष्य गेलं, आणि त्याहून जास्त युनियनच्या कामात. निवृत्तीनंतर स्टॅनमोरला मुलाकडे आलो. अण्णा आणि कुंदाताई, मेघनाचे आईवडील, आमच्या मागच्या रस्त्यावर राहतात. राहत होत्या. बघा, चुकलंच.

कुंदाताई कौन्सिलच्या लायब्ररीत नोकरी केलेल्या. माणसाचं बोलणं त्या पुस्तकासारखं चाळायच्या. माझं भाषण संपलं की जवळ यायच्या आणि म्हणायच्या, "भाऊ, आवाज छान लागला. आता मुद्दा सांगा."

तर ताई, मुद्दा सांगतो.

अंत्यविधीच्या दिवशी एकच वाक्य माझ्या कानावर येत राहिलं. वय झालं होतं. पार्किंगमध्ये ऐकलं, वय झालं होतं. चहा घेताना ऐकलं, वय झालं होतं. म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मला या वाक्याचा संशय येतो. ते फार सोयीचं आहे. ते म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही.

कारखान्यात माणूस पडला की मॅनेजर म्हणायचा, वेंधळा आहे, बघून चालत नाही. आम्ही विचारायचो, जमीन ओली होती का? तेल सांडलं होतं का? दिवा बंद होता का? दहातल्या नऊ वेळा जमिनीत काहीतरी असायचं. मॅनेजरला जमीन बघायची नसायची. पडणाऱ्या माणसाकडे बोट दाखवणं स्वस्त पडतं.

कुंदाताई सकाळी सोफ्यावरून उठल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मग छातीत कफ झाला, आणि त्या गेल्या. या सगळ्याची सुरुवात उठण्यापासून झाली. म्हणून मी विचारतो. उठल्यावर त्या का पडल्या? रोज उठायच्या ना?

आणि आता जे सांगणार आहे ते सांगू नका, असं मला आत येतानाच एका हितचिंतकाने सांगितलं. "आजच्या दिवशी नको. डॉक्टर मंडळी दुखावतील." मला त्याही सल्ल्याचा संशय आला.

या हॉलमध्ये डॉक्टर किती आहेत ते बघा. हात वर करू नका, तुम्हाला सगळे ओळखतात. लंडनच्या कुठल्याही रस्त्यावर एवढे डॉक्टर एका छपराखाली सापडायचे नाहीत. आणि कुंदाताईंना उठलं की गरगरायचं, हे या छपराखाली त्यांनी लपवलं नव्हतं. गणपतीच्या जेवणात मी त्यांच्या शेजारी रांगेत होतो. हातात ताट. पुढे एक डॉक्टर. ताई म्हणाल्या, "अहो डॉक्टर, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते हो." डॉक्टर म्हणाले, "काकू, पाणी कमी पिताय." पुढे कोशिंबिरीपाशी दुसरे डॉक्टर. ते म्हणाले, "मानेमुळे असेल, मानेचे व्यायाम करा." जिलबीपाशी तिसरे. ते हसले. "कुंदाताई, आमच्यापेक्षा तुम्हीच फिट आहात." सगळे हसले. ताईही हसल्या. आणि ताटाबरोबर सल्लाही घेऊन जागेवर बसल्या.

ही आपली रीत आहे. कुणाच्या पूजेला गेलो की डॉक्टर शोधायचा आणि गुडघा पुढे करायचा. त्या डॉक्टरची मला दया येते. आठवडाभर हॉस्पिटलमध्ये राबून आलेला माणूस, एका हातात वाटी, एका हातात पुरी, तो ब्लडप्रेशर कशाने बघणार? कुंदाताईंच्या जीपीकडून, त्यांच्या नेहमीच्या दवाखान्यातून, तपासणीला या म्हणून मेसेज आला, तेव्हा मी त्यांना म्हटलं, जाऊन या. त्या म्हणाल्या, "आपल्या तिघांना विचारलंय की. तो गोरा मुलगा आणखी काय सांगणार?" त्या तिघांपैकी एक, आमचा शिरीष, परवा मला म्हणाला, "काका, honestly, मला वाटलं बाकीच्यांनी बघितलं असेल. And anyway, त्यांचा जीपी असेलच ना." तो हे खालमानेने म्हणाला. मी त्याच्यावर रागावलो नाही. प्रत्येकाला तसंच वाटलं होतं.

याच हॉलमध्ये ज्येष्ठांसाठी आरोग्याचा कार्यक्रमही झाला होता. पडद्यावर चित्रं दाखवली. चाला, पाणी प्या, गालिचे काढा, बाथरूममध्ये हाताला धरायला दांडी लावा. चांगलं होतं सगळं. कुंदाताईंनी दांडी लावलीसुद्धा. बाहेर पडताना मात्र त्या म्हणाल्या, "भाऊ, पडले तर काय धरायचं ते सांगितलं. मुळात मी पडेन कशाने, ते कुणी विचारलं नाही."

विचारलं शेवटी हॉस्पिटलमध्ये. म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डमधली एक डॉक्टरीण होती. ती मेघनाला म्हणाली, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आण. सगळ्या, फक्त आम्ही दिलेल्या नव्हेत. मेघना इथे जन्मलेली. तिने मला जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत सांगतो. "काका, पिशवीत दोन वेगळी औषधं होती. One from here, एक पुण्याची. नाव वेगळी, रंग वेगळी. And she said, it's the same medicine. आई was taking it twice."

ऐकलंत? इथल्या जीपीने रक्तदाबाची गोळी दिली. पुण्याला गेल्या तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने दिलं. त्यांना इथली गोळी सांगितली नव्हती. इथे पुण्याची सांगितली नाही. का सांगितली नाही? कारण आपण सगळे हसत हसत काय म्हणतो? "इथले डॉक्टर पॅरासिटॅमॉलशिवाय काही देत नाहीत. खरं औषध तिकडचं." ही थट्टा मीही ऐकली आहे, तुम्हीही केली आहे. रक्तदाब दोन्हीकडून खाली ओढला जात होता, आणि ताई उठत होत्या.

मी मेघनाला त्या डॉक्टरणीला विचारायला लावलं, यामुळेच पडल्या का? ती म्हणाली, नक्की सांगता येणार नाही. वयही आहे, इतर कारणंही असू शकतात. शक्यता आहे. मी तेवढंच म्हणतो. शक्यता आहे. पण 'वय झालं होतं' म्हटलं की ती शक्यताच मरते. माणसाबरोबर तीही जाळून टाकायची का?

इथवर मी गेलेल्या माणसाबद्दल बोललो. आता इथे बसलेल्या माणसाबद्दल बोलतो. अण्णा, तुम्ही रागवाल. रागवा. तुम्ही रागावलेलं मला चालेल.

अण्णा मघाशी गाडीतून उतरले आणि दार धरून उभे राहिले. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "काही नाही, पाय आखडला." मी कारखान्यात खूप आखडलेले पाय पाहिलेत, अण्णा. पाय आखडला तर माणूस पायाकडे बघतो. तुम्ही डोळे मिटले होते.

घर तेच. पुण्याची ट्रिप तीच. डॉक्टर तेच. मेघना आठवडाभर मागतेय, "बाबा, तुमची पिशवी द्या." आणि अण्णा सांगतात, "आई गेली. आता माझ्या गोळ्यांचं काय करायचंय?"

का देत नाहीत, ते मला ठाऊक आहे असं वाटतं. पुण्याच्या त्या गोळ्या तुम्ही आणून दिल्या होत्या. सुटकेसमध्ये नीट, कपड्यांत गुंडाळून. बायकोसाठी आणल्या होत्या. तुम्हाला वाटतं, पिशवी उघडली की चूक कुणाची ते ठरेल. अण्णा, युनियनमध्ये मी चूक कुणाची हे विचारत बसलो नाही. आम्ही जमीन पुसून घ्यायचो, पुढचा पडू नये म्हणून. मला दोषी नको आहे. मला तुम्ही हवे आहात.

आणि बाकीच्यांनो, सुटलो असं समजू नका. घरी जाऊन घाबरून गोळ्या फेकू नका, ती दुसरी चूक होईल. सगळ्या डब्या, पाकिटं, आयुर्वेदिक, कुणी दिलेलं, कुणी आणलेलं, सगळं एका पिशवीत घाला आणि फार्मसीत नाहीतर जीपीकडे जा. बसून आणि मग उभं करून रक्तदाब बघा म्हणून सांगा. डॉक्टर मंडळींनो, तुमच्यासाठी एकच विनंती. पुढच्या वेळी कुणी ताट हातात धरून गरगरतं म्हणालं, तर उत्तर देऊ नका. म्हणा, "मी इथे काही सांगणार नाही. तुमच्या जीपीची वेळ घेतली का?" समोरचा जरा नाराज होईल. होऊ दे.

आता शांतता. आपल्याकडे उभं राहून श्रद्धांजली वाहायची पद्धत आहे. आज मी ती पद्धत थोडी मोडतो. ज्यांना उठताना अंधारी येते, गरगरतं, खुर्ची धरावी लागते, त्यांनी उठू नका. बसून राहा. लाजू नका. कोण बसलंय ते आम्हाला दिसू दे. शेजारच्याने ते लक्षात ठेवावं आणि उद्या फोन करावा. कुंदाताईंसाठी याहून मोठा आदर मला सुचत नाही.

अण्णा, मी तुमच्याकडे बघणार नाही. डोळे मिटतो. तुम्हीच ठरवा.

उभं राहता येईल त्यांनी उभं राहावं.