झाड मध्ये आलं

आता धूळ होती, नाही कोण म्हणतो? हरमाटानचा वारा सुटलेला, वाळवंटाची अर्धी माती उचलून आमच्या कुमासी शहरावर ओतलेली, सूर्य कसा तर पुसून ठेवलेल्या ताटलीसारखा पांढरा, ओठ फुटलेले... सगळं मान्य. पण तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं एकाच वळणावर उभं असलेलं झाड दिसू नये, इतकी काही नव्हती हो धूळ. आणि हा बेदियाको, माझ्याच वयाचा, सारा जन्म त्याच रस्त्यानं तेपा गावाहून कच्ची केळी आणि केळ्यांच्या ढिगावर बसलेली माणसं आणणारा, चेपलेला ट्रक दोरानं ओढवत माझ्या गॅरेजाच्या दारात आणतो आणि म्हणतो काय, "बाफोर, झाड मध्ये आलं."

माणसं वाचली, एका बाईचा गुडघा तेवढा सोलवटला. झाड मध्ये आलं... बरं, आलं असेल. मला इंजिनाचं विचारा, बाकीचं मला काय कळतं?

बॉनेट पहारीनं उचकटलं. रेडिएटर मागं सरकून फॅनमध्ये घुसलेला, फॅनची पाती मुडपलेली, वॉटर पंपाची दांडी वाकडी, पुढचं माउंटिंग तुटलेलं आणि इंजिन एका कुशीवर कललेलं, पोटात दुखणाऱ्या माणसासारखं. ऑइल काढून बोटावर घेतलं, वास घेतला. पाणी नव्हतं त्यात, म्हणजे आत कुठं तडा नाही. राहिला क्रँक, इंजिनाचा कणाच तो. तो वाकला असेल तर ट्रक भंगारात, मग बेदियाकोच्या पोटाचं काय, हे विचारायला नको.

आमच्याकडं रीत आहे, गाडी गॅरेजात तोवर ड्रायव्हरही गॅरेजात. गाडीखाली चटई टाकून तिथंच झोपायचं, नाहीतर आपला पार्ट रातोरात दुसऱ्याच्या गाडीत जातो. माझ्याकडं असलं होत नाही, पण रीत ती रीत. आणि बसलाच आहे तर पाने देईल हाताला.

मला आकडे वाचता येत नाहीत. म्हणून माझ्या पान्यांवर रंगाचे पट्टे आहेत. मी गाडीखालून म्हणालो, "लाल दे." यानं हिरवा दिला. "लाल रे." निळा दिला. वर म्हणतो, "तुझे रंग उडालेत, म्हाताऱ्या." मागच्याच आठवड्यात रंगवले होते हो मी... पण म्हटलं, असेल.

मग क्रँक बघायला घेतला. त्याचं कसं असतं, पुलीच्या तोंडाशी तारेचं एक टोक बांधायचं, नखाएवढं अंतर ठेवून, आणि इंजिन हातानं हळूहळू फिरवायचं. अंतर कमीजास्त झालं की क्रँक वाकडा. मी खालून दांडा लावून फिरवतोय, हा वर तारेवर नजर ठेवून.

"हलतंय का?"

"नाही रे, केसभरसुद्धा नाही."

"नीट बघ."

"बघतोय ना, एकदम सरळ."

आणि तुम्हाला सांगतो, तार कुठं होती? सुटून माझ्या छातीवर पडली होती. मी ती मुठीत धरून तसाच पडून राहिलो. वरून त्याचं चालूच, "सरळ आहे बाफोर, काळजी करू नको."

मग दुपारी तो जेवायला गेल्यावर तार पुन्हा बांधली, मीच फिरवलं, मीच पाहिलं. क्रँक खरंच सरळ होता. आणि जन्मात पहिल्यांदा मला चांगल्या क्रँकचं वाईट वाटलं. इंजिन दुरुस्त केलं तर हा पुन्हा माणसं भरून त्याच वळणावर जाणार. नाही केलं तर घरी भिंतीकडं तोंड करून बसणार. आता हे कुणाला विचारायचं? मला इंजिनाचं विचारा, बाकीचं...

पंप बसला, माउंटिंग बसलं, फॅन बसला. मी मात्र रोज सांगायचो, आज अमुक मिळालं नाही, उद्या तमुक बघू. बसवलेलं पुन्हा खोलायचो. जन्मभर कुणाशी खोटं बोललो नाही, ते याच्याशी आठ दिवस बोललो. त्याचा भाचा फोसू दोनदा येऊन गेला. आमच्यात मामाचं ते भाच्याचं, आणि पोरगा चालवतोही जपून. पण मामानं ट्रक आपणहून द्यायला हवा ना? मी कोण सांगणारा?

नवव्या दिवशी एकच बोल्ट उरला. मी म्हणालो, "लाल दे."

काहीच येईना हातात. बाहेर डोकावलो तर हा दोन्ही हातांत दोन पाने धरून बसलेला, जोखत असल्यासारखा. म्हणाला, "बाफोर... यातला लाल कुठला?"

मी बाहेर आलो, त्याचं बोट धरून लालवर ठेवलं. बोल्ट आवळला, इंजिन सुरू केलं. त्यानं कान लावून ऐकलं, हात ठेवून पाहिलं, आणि म्हणाला, "पोराला बोलव."

फोसू ट्रक घेऊन गेला. पण हा रोज सकाळी हजर. मी प्रत्येक पान्यावर कानशीनं खाचा पाडल्या, लालवर एक, हिरव्यावर दोन. अंगठ्यानं चाचपून देतो. तरी चुकतोच, आणि चुकला की माझ्यावरच खेकसतो, वर माझ्या वाटणीचा मासाही खातो. परवा शेजारची पोकुआबाई, केंके म्हणजे मक्याचे उंडे विकणारी, दोघांची ताटं ठेवता ठेवता म्हणाली, "काय हो बाफोरबाबा, ट्रक दुरुस्त करून धाडलात आणि जुना पार्ट तेवढा स्वतःकडं ठेवून घेतलात होय?"