एका कोपऱ्यासाठी पाच वर्षं

शेवट काय झाला, वळखा पाहू... नाई वळखत तुमी, लावा पैज. मीबी पैजच लावली होती, माह्या नातीसंगं, थे करिष्मा, नागपूरले औषधं बनवते. बनवते म्हंजे काय, खल नाई, बत्ता नाई, कम्पुटरपुढं बसून राह्यते. अन् घरी येऊन मलेच दटावते, "आबाजी, थ्या धानोऱ्याच्या बाजारातल्या गोळ्या बंद करा." आता गोळी नाई घेतली तं माहा गुडघा वाकत नाई, गुडघा नाई वाकला तं झाडाखालची मोहफुलं वेचंन कोण, तिचे नागपूरचे मास्तर? गोळीनं पोट जळते तं जळू दे न.

तं थे म्हणते, "आंगात दोन प्रोटीन हायेत, जुळ्या भावावानी. एक गुडघा सुजवते, दुसरं पोटाची राखण करते. तुमची गोळी दोघायलेबी धरते. सुजवणाऱ्याच्या बगलेत बारकी खोबण हाये, दुसऱ्याच्या नाई. तिच्यात बसंन असा कोपरा आमी औषधाले काढून राह्यलो. पाच वर्षं झाली."

एका कोपऱ्याले पाच वर्षं? आमचा बिरजू सुतार जेवणाच्या आंधी काढून देते.

म्हटलं, मी एका दिसात दाखवतो. गावात जुळे हायेतच, सुकलू अन् जंगू. सुकलू पहाटेच माह्या झाडाखालचा मोह चोरून वेचते, अन् जंगू माह्याच आंगणात वाळत्या मोहाची राखण करते. "सुकलूलेच धरतो, जंगूले धक्का नाई. जिंकलो तं गोळ्या माह्या, हरलो तं टाक चुलीत." सुकलूचा दुपट्टा हिरवा, जंगूचा लाल. हिरव्याले खाजकुहिली चोळली बरोबर. झालं काम. अन् म्हणे पाच वर्षं...

आता तुमाले सांगतो, मले काय मालूम, थे दोघं बोरिंगवर आंग धुतेत अन् हातात येईन त्या एकाच दुपट्ट्यानं पुसतेत? सुकलू खाजवून राह्यला, जंगू खाजवून राह्यला, दोघंबी वरडत नाल्याकडे पराले, मांगून त्यायची माय धुरपता शेणाची टोपली घेऊन, "कोनं केलं रे माह्या लेकरायले?" मी तोंड पाडून म्हटलं, "बाई, हवाच खराब हाये." अन् इकडे आंगणात राखण नाई, तं गावची गुरं घुसली न भाऊ, आठ दिसाचा मोह साफ.

करिष्मा म्हणते कशी, "आबाजी, तुमी दुपट्टा पाह्यला. खोबण पाहाले पाच वर्षं लागतेत." अन् गोळ्या चुलीत. म्हटलं, तुहं नवीन औषध तरी दे मंग. "थे अजून उंदरायलेच देऊन राह्यलो." म्हंजे उंदरायचे गुडघे वाकतेत, माहे नाई.

तं आता माह्या झाडाचा मोह सुकलूच वेचते, चांगला दिवसाउजेडी, माह्याच टोपल्यात... अर्ध्या वाट्यानं.