खंडेनवमीची ऑस्टिन

रविवारी सकाळी नऊ वाजता काशीत कॅन्टच्या मैदानावर झेंडा खाली आला आणि रॅलीतल्या जुन्या मोटारी सारनाथच्या रस्त्याला लागल्या. नीलकंठ मुळ्ये यांची १९३४ सालची बेबी ऑस्टिन जागची हलली नाही. थोड्याच वेळात ब्रह्मा घाटावरच्या त्यांच्या घरात फोन वाजला. त्यांची बायको शरदिनी कणीक मळत होती. तिने मनगटाने फोन ओढला आणि कान नि खांदा यांच्यामध्ये दाबून धरला.

"हॅलो?… हो, मीच. दुसरं कोण बोलणार या घरात? भाऊजींचं मौन… काय? मोठ्यानं बोला हो, मागे तो बँड वाजतोय… नाही निघाली? म्हणजे मध्येच बंद पडली? … सुरूच नाही झाली?"

शरदिनीने हातातला गोळा परातीत टाकला. खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. बँकेतून निवृत्त झाल्यापासून नीलकंठ दिवसभर लहुराबीरच्या शेडमध्ये त्या गाडीखाली उताणे पडलेले असत आणि घरी येत ते जेवायला आणि बनियन काळं करून टाकायला. म्हणून तिनेच अट घातली होती. या रॅलीत गाडी सारनाथला जाऊन परत आली तर ठेवायची. नाही आली तर लखनौचे एक शौकीन गृहस्थ कधीचे मागत होते, त्यांना देऊन टाकायची. नीलकंठ हो म्हणाले होते.

"रडताय का हो? … मग आवाज असा का येतोय? … बोनेटमध्ये डोकं आहे होय. बाहेर काढा आधी… पेट्रोल आहे ना? … बरं, नाही विचारत… हँडल मारून बघितलं? … कुणी, तुम्ही? त्या कमरेनं? … आधी कुणी सुरू करून नाही बघितली? … मुलीकडून परत आल्यापासून एकदाही? … ट्रकवर घालून नेली? का? … झिजू नये म्हणून! अहो, मोटार आहे की मुरांबा?"

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं.

"…हं… हं… करंट नाही. मग बिंदीच्या दुकानाशेजारचा तो वायरमन… बरं, बरं, हा करंट वेगळा. ओरडू नका… झाकण उघडलं… आणि आत काय नाही? … रोटर. तो काय फार मोठा असतो का? … आणि त्याच्याशिवाय काहीच होत नाही? … दहापर्यंत निघाली तर धरतील? मग आहे की वेळ… लखनौचे गृहस्थ तिथेच आहेत? … काय करतायत? … मागच्या सीटवर बसून बघतायत? उतरा म्हणावं! अजून दिली नाही कुणी तुम्हाला!"

हे आपणच बोललो याचं शरदिनीला जरा नवल वाटलं.

"शेडची किल्ली? दुसरी भाऊजींकडे असते… दादांना विचार काय? अहो, कार्तिक चालू आहे. दुपारचं जेवण होईपर्यंत ते बोलत नाहीत… लिहीत पण नाहीत. लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच, असं म्हणणं आहे त्यांचं… खुणा चालतात… ते मला नका विचारू, शास्त्र तुमच्या घरातलं आहे… थांबा, आलेच बघा."

थोरले दीर बिंदुमाधव पंचगंगा घाटावरचं स्नान आटोपून, ओला पंचा खांद्यावर टाकून दारात उभे होते.

"भाऊजी, यांचा फोन आहे. गाडी निघत नाही. आतला रोटर नाही म्हणतात. तुम्ही काढला होता का? … छातीवर हात ठेवला हो. त्यांनीच काढला… ओरडू नका, थोरले भाऊ आहेत… भाऊजी, मग आता कुठंय तो? … देवघराकडे बोट दाखवतायत. म्हणजे देवावर हवाला ठेवा… मी काय करू? परत विचारते. भाऊजी, रोटर, रोटर! … पुन्हा देवघर. हात जोडले. डोळे मिटले… शांत राहा म्हणतायत तुम्हाला… आता कपाळावर हात मारला. हे तुमच्यासाठी आहे वाटतं… जोरजोरात मान हलवतायत. माझ्यासाठी आहे."

बिंदुमाधवांनी पंचा कमरेला खोचला आणि स्वयंपाकघराच्या मधोमध येऊन पवित्रा घेतला.

"अहो, आता तलवार चालवतायत… नाही हो, खरी कुठली! नुसता हात… लढाई? … नाही. कुणाला मारायचंय? … नाही. खाली ठेवली तलवार. तिला गंध लावलं. फूल वाहिलं… दसरा! … जवळ आलं म्हणतात. दसऱ्याच्या आदल्या… खंडेनवमी! भाऊजी, खंडेनवमी ना? … हो! खंडेनवमी म्हणाले. म्हणजे म्हणाले नाहीत."

ब्रह्मा घाटाच्या गलीत मोटार येत नाही. समोरून बैल आला तर माणसालाच कुणाच्या तरी चबुतऱ्यावर चढावं लागतं. गाडी देवाकडे येऊ शकत नाही म्हणून दर खंडेनवमीला तिचा एखादा भाग घरी आणायचा आणि शस्त्रांच्या जागी मांडून पूजायचा, ही बिंदुमाधवांची पद्धत. गेल्या वर्षी हँडल आलं होतं. यंदा नीलकंठ आणि शरदिनी नवरात्रात मुलीकडे जबलपूरला होते. परत आली तेव्हा शरदिनीला देवघरात बाळकृष्णाच्या शेजारी एक नवीन देव दिसला होता.

"अहो… तो रोटर काळा असतो का? … गुळगुळीत? … डोक्यावर पितळेची पट्टी? … अगंबाई… नाही, नाही, सापडला. म्हणजे हरवला नव्हताच… मला शाळिग्राम वाटला! कुणी यजमानानं पितळ बसवून दिला असेल भाऊजींना… पूजा करणारच ना, देवघरात असलेल्याची! … रोज… साधीच हो. पंचामृत, मग कोमट पाणी, गंध, तुळस… दही असतंच पंचामृतात! … गंज कसा चढेल, तूप लागतंय की रोज… भाऊजी, तुम्ही तरी सांगायचं ना दुपारी, जेवल्यावर! … हात छातीशी नेले. मान डोलवतायत… त्यांना वाटलं, मलाही गाडीची भक्ती लागली. भक्ती कसली! मी रोज हात जोडून म्हणत होते, ही मोटार जाऊ दे रे देवा एकदाची घरातून…"

शरदिनीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? … बोला ना… अहो… हो, त्यालाच म्हणत होते. मला काय माहीत तो मोटारीचाच आहे म्हणून! … पावला कसला? पावायचं असतं तर… बरं, पावला. पण मी आत्ता त्याला उलट सांगते, मग तर झालं? … लखनौचे काय म्हणतायत? … हात पुढे केलाय? तुम्ही खिशात घाला तुमचा. एक शब्द बोलू नका. मी घेऊनच निघते… उचलला बघा… अहो, भाऊजींनी मनगट धरलं. अक्षता दाखवतायत. उत्तरपूजा राहिलीय! … त्याशिवाय हलवता नाही येणार… मला नाही येत तो श्लोक. ते कसे म्हणतील? … तुम्ही म्हणा. मी स्पीकरवर टाकते… लोकांची कसली लाज? लखनौवाल्यांना उतरवा, हात जोडून उभं करा. हं, म्हणा."

नीलकंठांनी बोनेटमध्ये डोकं घालून विसर्जनाचा श्लोक म्हटला. मध्ये ते अडखळले तेव्हा बिंदुमाधवांनी फोनकडे बघत दातओठ खाल्ले, पण मौन मोडलं नाही. शरदिनीने अक्षता वाहिल्या आणि देव बोटभर सरकवला.

"झालं. पुसते जरा, मध चिकटलाय… अहो! भाऊजी! … घेऊन निघाले! माझ्या हातातनं घेतला, पंच्यात बांधला आणि अनवाणी धावले! … फोन कुठला त्यांच्याकडे? … थांबा, खिडकीतून समोरच्या कस्तुरीला विचारते. कस्तुरी! ए कस्तुरी! भाऊजी दिसले का गं? … भैरवनाथाच्या बाजूला गेले म्हणते… एका बैलाला मागे टाकलं… मैदागिनला टोटो-रिक्षा मिळेल हो, पण टोटोवाल्याला सांगणार काय? बोलणार नाहीत, लिहिणार नाहीत! … खुणेनं? कॅन्टची खूण काय असते? हात जोडले तर तो विश्वनाथाला नेईल. तलवार फिरवली तर थेट चौकीत… कस्तुरी, तुझ्या मोहनला लाव ना फोन, मैदागिनवर दुकान आहे त्याचं! … लावतेय… दिसले! टोटोत बसले. दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवतायत म्हणे हवेत… आणि टोटो कुठं वळला? … अहो, गोदौलियाकडे!"

उलट दिशेला. शरदिनीने कणकेचा हात कपाळाला लावला.

"…नाही, येतील, पोचतील… किती वेळ आहे अजून? … मग त्या गृहस्थांना सांगा, द्यायची नाही… कोण म्हणालं होतं? मीच म्हणाले होते. आता मीच म्हणतेय… अट गाडीला होती. गाडीची काय चूक? ती देवघरात बसली होती बिचारी… अहो, रोज न्हाऊ घातलंय मी त्याला, कोमट पाण्यानं. तो काय लखनौला जाणार? … ऐकताय ना? नाही म्हणा त्यांना… काय? … हो? कुणाला हो म्हणालात, मला की त्यांना? … हॅलो? … अहो… हॅलो?"

फोन तुटला होता. शरदिनीने दोनदा परत लावला. दोन्ही वेळा तो दुसरीकडे चालू होता.

दहाला थोडा वेळ असताना कस्तुरीने समोरच्या खिडकीतून शेवटची खबर सांगितली. गोदौलियाच्या चौकात शिपायाने टोटो अडवला आहे, आणि बिंदुमाधव टोटोतून उतरून त्याला खंडेनवमी करून दाखवत आहेत.