ग्रह उचलणारा हात

हाडांच्या दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या बाईंचे कान समोरच्या मावशी-भाचीकडे लागले होते. मावशी कार्टूनची चित्रं काढणारी, उजव्या मनगटाला पट्टी बांधलेली.

“मावशी, सिनेमात तो सुपरहिरो जेमतेम एक मोटार उचलतो. तुझ्या कार्टूनमध्ये अख्खा ग्रह!”

“ग्रह सोपा गं. गोल काढला की झालं. मोटारीला चाकं, दारं, काचा!”

“पण पडलेल्या माणसाला तो कधीच हात देत नाही.”

“हातात हात म्हणजे दहा बोटं. जीव जातो माझा.”

“म्हणजे त्याला तेवढंच जमत नाही?”

“सात नंबर!” बाईंनी पुकारलं.

“चल मावशी, तो चांगला हात दे.”

“हां, अस्सा धर. आता हलू नकोस.”

“अहो, डॉक्टर थांबलेत!” बाई म्हणाल्या.

“थांबू देत. कुठलं बोट कुठं जातं, ते आधी नीट बघू दे.”